डाव्या बाजूचा आरसा

दुसऱ्याची गाडी चालवायचो तेव्हा मला झोप कशी गाढ लागायची. ढाब्यावर ट्रक उभा केला, पाठ टेकली की संपलं. टायर बसला तर मालकाचा, डिझेल चोरीला गेलं तर मालकाचं. स्वतःची गाडी घेतली आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की आपले कान भलतेच तिखट आहेत. गिअर टाकताना जरा कुरकुर झाली की मी गाडी कडेला घेऊन खाली वाकून बघायचो. उभ्या गाडीभोवती मी पाना घेऊन फिरायचो आणि आधीच आवळलेले नट पुन्हा आवळायचो. बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती म्हणून बरं, नाहीतर तिनं मला वेड्यात काढलं असतं.

गाडी जुनीच होती, सहाचाकी. ज्या मालकाकडे मी बरीच वर्षं ड्रायव्हर होतो, त्यानं नवी मोठी गाडी घेतली आणि ही विकायला काढली. तिच्यावर माझाच हात बसलेला. कुठल्या चढाला ती धापा टाकते, ब्रेक दाबला की किती डावीकडे ओढते, सगळं मला तोंडपाठ. परक्या माणसानं घेऊन तिचे हाल करण्यापेक्षा आपणच घ्यावी, असं मी लोकांना सांगायचो. पूर्णेच्या अड्ड्यावर माझ्याबरोबरचे ड्रायव्हर लगेच मला शेठ म्हणायला लागले. चहा सांगितला की म्हणायचे, आज शेठकडून. कालपर्यंत हेच लोक मला बिडी मागायचे.

पण मी गाडी घेतली त्याचं खरं कारण मी अड्ड्यावर कुणाला सांगितलं नव्हतं. मला माझ्या मायला एकदा ट्रकच्या केबिनमध्ये बसवायचं होतं.

यात काय मोठं, असं वाटेल. पण मायचा निम्मा जन्म ट्रकच्या प्रवासात गेला आणि तो सगळा मागे, हौद्यात. आमची थोडी कोरडवाहू जमीन होती, तिच्यावर वर्ष निघत नसे. दिवाळी झाली की माय आणि बाप टोळीबरोबर ऊस तोडायला सांगलीकडे जायचे. चुडाव्याच्या अलीकडे आमच्या गावाचा फाटा आहे. तिथं ट्रक येऊन थांबायचा. आधी बोचकी चढायची, मग भांडी, सरपण, टोपल्याखाली झाकलेल्या कोंबड्या, कुणाची शेळी, आणि शेवटी उरलेल्या जागेत माणसं. पुढं केबिनमध्ये ड्रायव्हर आणि मुकादम. मुकादम म्हणजे टोळी जमवणारा माणूस, त्याचा मान तिथला. बायांनी केबिनमध्ये बसायचं असतं हे कुणाच्या डोक्यातही येत नसे. मायच्याही आलं नसणार.

ती केबिनच्या पत्र्याला पाठ टेकून बसायची. मी तिच्या शेजारच्या बोचक्यावर चढून उभा राहायचो. केबिनला मागच्या बाजूनं एक लहानशी खिडकी असते, जाळी लावलेली. त्या जाळीला मी नाक लावायचो. ड्रायव्हरची मान दिसायची, मानेवरचा पंचा दिसायचा, आणि त्याच्या कानाजवळून वीतभर रस्ता. तो वीतभर रस्ता बघत मी सांगलीपर्यंत गेलोय. नाकावर जाळीची नक्षी उठायची आणि बाप हसायचा. पुढं मी ड्रायव्हर झालो, त्याचं मूळ त्या जाळीत आहे. मला पुढचं सगळं दिसायला पाहिजे होतं.

लायसन आल्यावर मायला म्हणालो होतो, चल, पूर्णेपर्यंत तरी बस माझ्या शेजारी. ती म्हणाली, "लोकाच्या गाडीत काय बसायचं? तुझी स्वतःची झाली की बसंल." झालं, एवढ्यावर मी पुढची सगळी वर्षं काढली. दरम्यान बाप गेला, मायनं कोयता ठेवून दिला. ती आमच्या दोन खोल्यांच्या घरात एक म्हैस सांभाळत राहायला लागली. आणि मी प्रत्येक भाड्यावर रिकाम्या डाव्या सीटकडं बघून ठरवायचो की हितं माय बसंल.

त्यामुळे गाडी नावावर झाल्यावर मी आधी ती सीट नीट केली. परभणीत नवं कव्हर शिवून घेतलं, लाल रंगाचं, कडेला झालर. माय उंचीनं लहान, तिला समोरचं दिसावं म्हणून वेगळी जाड गादी करून घेतली. तिच्या हाताला धरायला दांडी बसवली. पेंटर म्हणाला, कपाळावर काय लिहू, आईचा आशीर्वाद लिहू का, सगळे तेच लिहितात. मी म्हणालो, थांब, आधी आई बसू दे. तो हसला आणि त्यानं कपाळ कोरं ठेवलं.

पहिलं भाडं मिळालं तेही मनासारखं. पूर्णेहून हळदीची पोती, सांगलीच्या मार्केटला टाकायची. नव्या गाडीत पहिली हळद पडते म्हटल्यावर हमालांनीसुद्धा तोंड भरून कौतुक केलं. आणि सांगली म्हणजे तर मायचाच मुलूख. ज्या गावांच्या फडात तिनं ऊस तोडला, त्या गावांवरून मी तिला गादीवर बसवून नेणार होतो. किन्नर, म्हणजे क्लीनर, ठेवण्याची माझी ऐपत नव्हती, तेव्हा सोबतीचाही प्रश्न मिटत होता. मायला सांगितलं तर म्हणाली, "बघू." मायचं 'बघू' म्हणजे होकार, असं मी धरून चाललो.

झरीला दिलेली माझी मोठी बहीण, तिला मी आक्का म्हणतो, ती पूजेसाठी आली. आम्ही परत येईपर्यंत ती घरी राहून म्हैस सांभाळणार होती. गावातल्या तारा खाली लोंबलेल्या, भरलेली गाडी आत जाणं शक्य नव्हतं. म्हणून सकाळी फाट्यावरच, कडुलिंबाखाली पूजा मांडली. आक्कानं गाडीच्या तोंडाला हळदीकुंकू लावलं, स्टेअरिंगला दोरा बांधला. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. नारळ मी मायच्या हातात दिला.

तशी माझी चुलती हळूच म्हणाली, "आक्काच्या हातानं फोड की. सवाष्ण हाय ती. पहिलंच भाडं हाय."

माझं डोकं तिथंच फिरलं. राग मला लवकर येतो आणि आला की आवाज फाट्यापलीकडच्या रुळापर्यंत जातो. मी म्हणालो, "नारळ फोडला तर मायच फोडंल. न्हाईतर गाडी बिननारळाची जाईल." आक्का मला डोळ्यांनी दटावायला लागली. माय मात्र शांत होती. तिनं चपला काढल्या, नारळ कपाळाला लावला आणि दगडावर एका फटक्यात फोडला. ऊस तोडलेला हात तो. पाणी सरळ बंपरवर उडालं.

"बरं फुटला," चुलती म्हणाली. तिच्याही मनात तसं वाईट काही नव्हतं.

मी केबिनमध्ये चढलो. गाडी थोडी पुढं घेऊन लिंबं चिरडली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डावं दार आतून उघडलं आणि वाट बघायला लागलो. माय काही येईना. आरशात बघितलं तर ती पिशवी काखेत धरून गाडीच्या मागं चाललेली. मी खाली उतरून धावलो. तोवर तिनं एक पाय मागच्या फाळक्याच्या कडीत घातलाही होता. वर पोती, पोत्यांवर ताडपत्री, तिच्यावर आवळलेली दोरखंडं. बसायला टिचभर जागा नव्हती.

"माय, काय करायलीस?"

"वर बसते की. ताडपत्रीला धरून."

"तिथं काय माणूस बसतंय का? तुझी जागा पुढं केलीय."

"पुढं मला मळमळतं."

"कवा बसली होतीस पुढं?"

"म्हणून तर बसत न्हाई," ती म्हणाली.

लोक हसले. मला काही हसू आलं नाही. मला वाटलं, चुलतीचं बोलणं तिला लागलं. पहिल्या भाड्याला विधवा बाई पुढं नको, असं मनाशी धरून ती मागं चाललीय. मग मी चुलतीवर पुन्हा उखडलो, चुलती रडकुंडीला आली. शेवटी मायनंच माझा दंड धरून मला गाडीच्या आडोशाला नेलं.

"तिच्यावर कामून ओरडायलास? तिचा काय संबंध?"

"मग बसत कामून न्हाईस? तूच म्हणली होतीस, तुझी गाडी झाली की बसंल."

माय जरा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "पुढं बसलं की मागचं दिसत न्हाई रे."

"मागं काय बघायचंय?"

तिनं नुसती मान वळवली. लिंबाखाली आक्का रिकामं ताट घेऊन उभी होती.

इथं आक्काबद्दल सांगायला हवं. ती माझ्याहून मोठी, शाळेत चांगली. मी अजून शाळेचं वय नसलेला, म्हणून बरोबर जायचो. आक्काला चुलतीनं ठेवून घेतलं होतं. एका तरी लेकराची शाळा बुडू नये म्हणाली, आणि खरंच, पोटच्या पोरीसारखं ठेवलं. दिवाळीनंतर टोळी निघाली की आक्का फाट्यावर यायची आणि शिमग्याला आम्ही परत आलो की फाट्यावरच असायची. ती तिथं असायची एवढं मला माहीत होतं. आम्ही निघाल्यावर ती काय करायची, हे मी कधी बघितलं नव्हतं. माझं नाक जाळीला असायचं.

"तू तिकडं तोंड करायचास," माय म्हणाली. "म्या इकडं. ही हितंच, ह्याच लिंबाखाली. हात बी हलवायची न्हाई. नुसती उभी. ओढ्याच्या पुलापर्यंत दिसायची." मग ती आवाज बारीक करून म्हणाली, "आता तिला दोन लेकरं हायत, मला कळतंय. पर आपुन जायचं आन् ती मागं ऱ्हायची म्हणल्यावर माझं तोंड पुढं होत न्हाई. काय करू?"

माझा राग कुठल्या कुठं गेला.  मी गाडीच्या डाव्या बाजूला गेलो. तिथला मोठा आरसा ड्रायव्हरला मागची गाडी दिसावी म्हणून उजवीकडे झुकवलेला असतो. मी त्याची पकड ढिली केली.

"बस वर," मी म्हणालो. "न्हाई दिसलं तर उतर."

मायनं दांडी धरली. पायरी उंच होती, मागून आक्कानं आधार दिला. माय लाल गादीवर बसली आणि आधी तिनं गादीच हातानं दाबून बघितली. आक्का पुन्हा लिंबाखाली जाऊन उभी राहिली आणि मी खाली उभा राहून आरसा वळवला.

"काय दिसायलंय?"

"माझंच थोबाड."

आणखी वळवला. "आता?"

"आभाळ. विजेचा खांब."

जरा खाली केला. "आता?"

माय जरा पुढं वाकली. "आता आक्का," ती म्हणाली.

मी पकड आवळली. आक्का खालून विचारत होती, काय करायलाव तुमी दोघं.  डावा आरसा मायला देऊन टाकल्यामुळे मला ती बाजू आंधळी झाली होती. एरवी हे मी कुणाला करू दिलं नसतं. मी मायला म्हणालो, "आता तू किन्नर. डावीकडनं कुणी आलं तर सांगायचं." ती म्हणाली, "सांगते, तू पुढं बघ." एवढी वर्षं गाडी चालवणाऱ्याला पुढं बघायला सांगत होती.

आम्ही निघालो. फाट्यापासून ओढ्याच्या पुलापर्यंत रस्ता सरळ आहे, एका बाजूला रूळ, दुसऱ्या बाजूला हळदीची शेतं. भरलेली गाडी, मी दुसऱ्या गिअरच्या वर गेलोच नाही. मायचे डोळे आरशात.

"हाय उभी," ती म्हणाली.

थोडं पुढं गेल्यावर पुन्हा, "हाय अजून."

तेव्हा मीही माझ्या उजव्या आरशात बघितलं. फाट्यावरची बाकीची माणसं पांगली होती. चुलती गावाकडं चालली होती. लिंबाखाली एकटी आक्का, ताट पोटाशी धरून, अजिबात न हलता. एवढी वर्षं हे असं घडत होतं आणि मी बाजूला असून मला ठाऊक नव्हतं. आरशात माणूस लहान दिसतं. ती शाळेतली पोर असावी एवढीच दिसत होती. मला मनापासून वाईट वाटलं, तिचंही आणि मायचंही.

पूल जवळ आला. माय सहज बोलल्यासारखं बोलली, "ती घरी कवा जायची ते म्या कधीच बघितलं न्हाई. गाडीच अगोदर वळायची. मग मला वाटायचं, अजून उभीच हाय. फडात गेल्यावर बी चार-आठ दिवस वाटायचं, उभीच हाय."

पुलाच्या अलीकडे मी गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

"काय झालं?" मायनं विचारलं.

"काही न्हाई. ती गेली की जाऊ."

"माल पोचवायचाय ना? मालक—" असं तोंडातून निघून गेलं आणि ती थांबली. मालक शेजारीच बसला होता. तिला हसू आलं. त्या पहिल्या आठवड्यात सगळं जग मला शेठ म्हणत होतं, पण आपण मालक झालो म्हणजे नक्की काय झालं, हे मला तेव्हा कळलं. गाडी थांबवली तर मागून कुणी ओरडणार नव्हतं.

आम्ही वाट बघायला लागलो. पण आक्का काही जाईना. गाडी जाण्याची ती वाट बघत होती आणि तिच्या जाण्याची आम्ही. मागून एक टमटम आली, हॉर्न वाजवत निघून गेली. रुळावरून गाडी चुडाव्याकडं गेली. आक्का तशीच. मग एकदम माय म्हणाली, "अगं बाई, ती तर पळत यायलीय."

खरंच आक्का पळत येत होती. एका हातात ताट, दुसऱ्या हातानं निऱ्या उचललेल्या. येऊन दाराशी उभी राहिली तेव्हा तिला धाप लागलेली.

"बंद पडली का? पहिल्याच भाड्याला? तरी मी म्हणत होते, जुनी गाडी घेऊ नको."

"गाडीला काय धाड भरलीय," मी म्हणालो.

"मग कामून थांबलाव?"

मी मायकडं बघितलं. मायनं खिडकीतून हात बाहेर काढून आक्काच्या कपाळावरचे केस मागं सारले. आक्काचेही केस आता थोडे पिकलेत.

"आज तू अगोदर जा," माय म्हणाली.

"कुठं?"

"घरी. तू घरी गेलेली मला बघू दे. मग आमी जातो."

आक्का हसायला लागली. हसता हसता तिचा चेहरा बदलला आणि तिनं ताट तोंडासमोर धरलं. मी उगाच समोरची काच पुसायला घेतली. थोड्या वेळानं तिनं ताट खाली केलं, पदरानं डोळे टिपले आणि नेहमीच्या आवाजात मला म्हणाली, "ड्रायव्हर, तवाच्या टोळीच्या ड्रायव्हरवानी हॉर्न वाजवून घाई करू नको."

"मालकीण सांगंल तसं," मी म्हणालो.

मग आक्का निघाली. सावकाश चालत गेली, रुळाच्या कडेकडेनं. एकदा मागं वळून बघितलं, तशी मायनं हातानंच खूण केली, जा. फाट्यावर पोचल्यावर ती लिंबाखाली थांबते की काय असं मला वाटलं, पण थांबली नाही. गावच्या रस्त्याला वळली. पाण्याच्या टाकीजवळ पाठमोरी दिसली, मग चुलतीच्या घराच्या भिंतीआड गेली. माय आरशात बघतच होती. तिथं आता नुसता रस्ता होता, एक कुत्रं आणि लिंबाची सावली.

"गेली घरी," माय म्हणाली.

तिनं गादीवर जरा मागं सरकून पाठ टेकली आणि दांडी सोडली. "घे, तुझा आरसा सरळ कर. लोकाला ठोकशील."

मी उतरून आरसा सरळ केला, वर येऊन पहिला गिअर टाकला. पूल ओलांडून गाडी वळली. माय समोर बघत होती.